फुटामागं एक सूत

सोमवारी, भट्टी थंड असताना,
शिरोलीच्या मोकळ्या शेडमध्ये
आम्ही नवं ऑफिस आखलं. खडूनं, जमिनीवर,
खऱ्या मापात.
आर्किटेक्ट नेर्लेकर बाईंनी लॅपटॉप उघडलाच नाही.
म्हणाल्या, रिकामी खोकी आणा
आणि ज्याचं टेबल त्यानंच ठेवा.

खोकी निघाली. बेअरिंगची, बिस्किटांची, एक टीव्हीचं.
बराच वेळ कुणी हललं नाही,
मालक उभे होते ना.
मग अकाउंटची सुनेत्रा म्हणाली, "मी हितं बसतो,"
आणि खोकं ठेवलं
थेट मालकांच्या केबिनच्या मधोमध.

हसायच्या आधी सगळ्यांनी भूपालशेठकडं बघितलं.
ते खोक्याकडं बघत राहिले.
"तसं बी मी आठवड्यातनं दोनदाच बसतोय," म्हणाले,
आणि आपलं खोकं काखेत मारून
झेरॉक्सच्या रेघेभोवती फिरत राहिले,
जागा विचारत.

झाडलोटीच्या शेवंताबाई दारातच.
"मला काय कळतंय त्यातलं?"
पण टेबलांची रांग पश्चिमेला लागली तेव्हा राहवेना त्यांना.
"हितं चारला ऊन येतंय. कोबा पुसला की
हीच कड आधी वाळती.
समदी डोळं बारीक करून बसशीला."
नऊ खोकी सरकली.

दस्तगीर मेस्त्री रिटायर होऊन चार वर्षं झाली,
तरी आले, पॅटर्नची ती वाढीव पट्टी घेऊन.
रेघांवरनं वाकून चालत गेले, मग म्हणाले,
"ओतीव निवताना आकसतंय.
फुटामागं एक सूत जादा धरायचं.
ठरवताना सगळं गरमच असतंय, बाई."
नेर्लेकर बाईंनी ते वहीत लिहून घेतलं,
आणि दोन भिंती पुसल्या.

मी डिस्पॅचचा. माझं खोकं मी तीनदा हलवलं.
दहा वर्षांनी माझं काम कोण करणार,
माणूस की मशीन, हे कुणी काढलं नाही.
मी शेजारी एक रिकामं खोकं ठेवलं.
हे कुणाचं, असं सुनेत्रानं विचारलं.
सांगता आलं नाही.
काढलंही नाही कुणी.

मंगळवारी सकाळी
फोर्कलिफ्टनं एक कोपरा फिसकटलेला.
भूपालशेठ आले घाईत, फोन कानाला,
सरळ रेघ ओलांडून जाता आलं असतं.
थांबले.
वळसा घालून
खडूच्या दारातनं आत आले.