उजवीकडे

शिरोड्याच्या वाटेवर, सुरूंच्या मागे
नऊ झेंड्यांचं मैदान.
चेंडू सुटतो डावीकडे बघत
आणि अर्ध्या आभाळात त्याला
उजवीकडचं काहीतरी आठवतं.
थेट वहाळाकाठच्या केवड्यात.

मी म्हणतो, वारा.
लवू खवणेकर खांद्यावरची पिशवी उतरवतो:
"वारो खंय? सुरूचो शेंडो बघा, हलता?"

मग मी आणखी डावीकडे तोंड करून उभा राहतो.
चेंडू आणखी उजवीकडे.
तीस वर्षं बँकेत तूट अशीच झाकली,
या खात्यातून त्या खात्यात.

लवू माझा डावा पंजा दांड्यावर जरा वळवतो.
"दोन गाठी दिसाक व्हयी. आणि आवळू नकात,
वल्ह्याचो फोड आवळणाऱ्याकच येता.
तुमी भायरसून आत कापतास,
कोयत्यान कवळ तोडल्यासारख्या.
पाग टाकूची तशी टाका.
आधी कंबर. खांदो मगे."

कंबर गेली.
खांदा थांबला, जन्मात पहिल्यांदा.
चेंडू किंचित डावीकडे कलून
लांब, हिरवळीत बसला.

केवड्यातून लवूचा भाचा उठला,
माझेच चेंडू मला दहा रुपयांना विकणारा,
आणि रिकामी पिशवी उलटी धरून
मामाकडे बघत राहिला.