अंगठा

मिरचीच्या पथारीवर तिसरा महिना.
देठ खुडून खुडून बोटांच्या रेघा
आधी लाल झाल्या, मग पांढऱ्या,
मग कुठं गेल्या ते मला विचारू नका.

नंदुरबारात, आधार केंद्रातला जितेश
मशीन पुसतो, माझं बोट पुसतो,
दाबा म्हणतो.
तांबडा दिवा.
पुन्हा.
तांबडा.
मशीनलाही ठसका लागला असेल.

'मग ओटीपी घेऊ. शेवटी सदुसष्ट, तोच नंबर ना?'
तोच.
शहाद्याला, त्या घरात वाजेल तो फोन
जिथून मी एका पायात चप्पल घालून निघाले.
सहा आकडे, दहा मिनिटांपुरते खरे.
मी कुठल्या गावात कुणासमोर उभी आहे
ते त्याला घरबसल्या कळणार.
नको, म्हटलं. नंबरच बदल.
'त्याला अंगठा लागतो, मावशी.'

रेशनच्या खिडकीवर बाई म्हणतात,
जुन्या कार्डातून नाव कमी करून आणा,
कुटुंबप्रमुखाची सही लागेल.
अकरा वर्षांत त्याची सही मी एकदाच पाहिली,
माझे तोडे मोडले तेव्हा, सोनाराच्या वहीत.

आणि निराधारच्या अर्जावर चौकोन:
विधवा. घटस्फोटित. परित्यक्ता.
परित्यक्ता म्हणजे सोडलेली ना, भाऊ?
मला कुणी सोडलं नाही.
मी सोडलं.
त्याला चौकोन कुठाय?

संध्याकाळी पथारीवर परत आले तर
माझ्या जागेवर ढीग.
प्रत्येकीनं आपल्यातली ओंजळ टाकलेली,
मुकादमानं तोलला, बोलला नाही काही.
रुमालीबाईनं हात उलटा करून पाहिला:
'तुन्हा आंगठा कथा गया वं माय?'
हसलो दोघी. डोळ्यांत पाणी,
ते मिरचीचं.

शुक्रवारी जितेश म्हणाला, सगळी बोटं बघू एकेक.
नऊ तांबडी.
दहावं डाव्या हाताचं मधलं,
त्यानं दाराच्या फटीत धरलं होतं ते.
तेव्हापासून वाकत नाही,
देठ खुडायला कधी कामी आलं नाही,
रेघा जशाच्या तशा.

हिरवा.

नवा नंबर मी स्वतः सांगितला, दोनदा,
जितेशला पहिल्याच वेळी ऐकू आला होता तरी.

रेशनची खिडकी साडेपाचला बंद होते.
चौकोनाचं
सोमवारी बघते.