दुनळीची पावती

हवालदार चौगले विचारतात, "मावशी, वारसाच्या नावावर करायची,
का जमाच ठेवायची?"
पेन वर धरून थांबलेत.
टेबलावर ह्यांची बंदूक, माझ्याच जुन्या इरकलीत गुंडाळलेली.
रिक्षात मांडीवर आडवी धरली होती,
तर पोरगा विचारतो, काकू, तंबोरा कुणाचा?

रायगोंडा पायगोंडा मगदूम, राहणार हुपरी.
परवान्यावर आहे ते नाव. मी तोंडानं कधी घेतलं नाही.
दिवस मावळला की जेवण बंद,
पाणी दुहेरी फडक्यानं गाळून,
दिव्यावरचा पतंग ओंजळीत धरून अंगणात सोडणारा माणूस
कोल्हापूरला कलेक्टर कचेरीत सात हेलपाटे घालून
दुनळी घेऊन आला.
त्या साली सुकुमार अण्णांची अकरा किलो चांदी रस्त्यात गेली,
आणि एक कान.
"आपली असती तर सोसलं असतं," हे म्हणाले, "लोकांची असते."

पोलीस नव्हते असं नाही.
पतपेढीच्या दाराला गस्तवही अडकवलेली,
रात्री येऊन शिपाई सही करायचा.
मी एकदा उघडून बघितली.
सोमवार ते रविवार एकाच शाईतल्या सह्या,
पुढच्या मंगळवारचीसुद्धा.
हसू आलं. मग नाही आलं.

एका रात्री गच्चीवर कुजबूज.
हे उठले. काडतुसं सरकल्याचा आवाज
डबीत घुंगरू पडावं तेवढाच.
अनवाणी जिना चढले, मी मागं, ओठांत णमोकार,
कुणासाठी म्हणत होते, अजून कळलेलं नाही.
टाकीच्या आड सावली. बोट चापावर.
आणि सावली म्हणाली,
"अगं, उरसाला येतो म्हणलं न्हवं?"
मोबाइलच्या उजेडात मुजावरांचा तौफिक,
आमच्याच आटणीवरचा,
गालावर मुशीतल्या ठिणगीचा डाग.
त्यानं आम्हाला बघितलंच नाही.
आजतागायत त्याला माहीत नाही.
परवा त्याच्या लेकीच्या पायांत मी वाळे घातले.

तेव्हापासून बंदूक माळ्यावर, काडतुसं गव्हाच्या कणगीत.
मध्ये दोन खोल्या आणि एक जिना.
निवडणूक लागली की ठाण्यात जमा, पावती खिशात.
ते दीड महिने ह्यांना गाढ झोप.

आणि खरंच आले तेव्हा
हे दवाखान्यात, मी एकटी.
मागच्या दाराची कडी कुणीतरी उचकटत होतं.
फोन लावला. "गाडी निघालीय, ताई."
निघाली असणारच. कारखान्याचा हंगाम,
उसाच्या ट्रॉल्या चौकात आडव्या.
मी कणगीत कोपरापर्यंत हात घातला,
गहू, गहू, गहू,
मग एक गार पितळी बूड.
तोवर कडी थांबली होती.
का गेले कुणास ठाऊक.
कुत्रं भुंकलं म्हणून, की भोंगा झाला म्हणून,
की त्यांचा त्यांनाच कंटाळा आला.
उजाडता उजाडता एक पोरगेलासा शिपाई आला,
चहा नको म्हणाला,
कडीवर बोट फिरवत राहिला.
"काकू, तेरा गावं, एक गाडी."
बुटांना उसाचा पाला.
शेवटचा पल्ला पळत आला होता तो.

चौगले पेन खाली ठेवतात.
"बघा हां, नंतर परत मिळायची न्हाई."
जमा केली तर ठेवता कुठं?
मागची खोली दाखवतात:
भिंतीला टेकलेल्या आठ-दहा,
गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी, गावाला निघालेल्या पोरांसारख्या.
"रात्री इथं कोण असतं?"
"एक जण असतोय की."
"जागा?"
चौगले हसत नाहीत.

लिहा म्हटलं. दुनळी एक, काडतुसं चोवीस.
"वहीत पंचवीस हायत, मावशी."
असेल गव्हात कुठंतरी. बघते.

पूर्वी किडा मरू नये म्हणून निवडायचे.
हल्ली दळण गिरणीत द्यायच्या आधी
गहू दोनदा निवडते.