दोन गाठी म्हणजे हिरवा

आई कांड्या भरायची आणि सुताच्या टोकाला गाठ मारून ठेवायची.
एक गाठ, लाल.
दोन गाठी म्हणजे हिरवा.
गोळीबार चौकातल्या बसक्या खोलीत
बाबा मागावर बसून बोटांनी रंग चाचपायचे.
शेठजींच्या मुनिमालाही कधी कळलं नाही.
"सांगू नको कोनाले," मला म्हणाले होते,
तेव्हा मी सात वर्षांची.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आई मेयोत होती, सतरा दिवस.
कांड्या मी भरल्या.
गाठी मारायच्या राहिल्या.

लुगडं गांधीबागेतून परत आलं, मजुरी कापून:
काठ चार बोटं लाल, मग हिरवा, पुन्हा लाल,
पुढे वीतभर काय ते सांगताच येत नाही.
बाबांनी ते दारात उन्हात धरलं, उलटून पाहिलं.
"काऊन बापा, सरळ तर हाय."
आईनं घरी आल्यावर ते पेटीत तळाशी ठेवलं.

या विषयाकडे कशा वळलात, असं विचारतात
तेव्हा मी प्रकाशाबद्दल काहीतरी बोलते.

मोमीनपुऱ्यात शब्बीरभाई डोळे काढून ठेवायचे,
थर्मासात बर्फ, बर्फात डबी, डबीत चार डोळे,
आणि लुनावर मी, रात्री अकरा वाजता.
एकदा हवालदारानं झाकण उघडायला लावलं.
नंतर कुणीच अडवलं नाही.

अजनीहून मालगाडी निघाली की काचेची सुई थरथरे
आणि महिनाभर शोधून सापडलेली पेशी निसटून जाई.
म्हणून एक चाळीस ते तीन दहा.
त्या दीड तासात गाडी नसायची.
एकतीस वर्षं माझं विज्ञान त्या फटीत बसून झालं,
गडद लाल दिव्याच्या उजेडात,
मे महिन्यात कूलरचं पाणी संपेपर्यंत.
नोंदवहीत आकड्यांइतक्याच वेळा लिहिलंय: वीज गेली.

बकरीच्या दृष्टिपटलात शंकू दोनच जातींचे.
बाबांच्याही.
प्रबंधात पहिलं वाक्य आहे, दुसरं नाही.

ठिपक्यांचा तक्ता त्यांना दाखवला तेव्हा ते सत्तरीत होते.
आकडा कुठला दिसतो, विचारलं.
बराच वेळ बघत राहिले, मग माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले,
"ठिपके छान हायेत पोरी. कोनी काढले?"

बावीस शोधनिबंध. त्यातले आठ
परीक्षकांनी आणि मीच वाचले असावेत.
एका आलेखातला उंचवटा मी जरासा डावीकडे सरकवला,
कोपनहेगनच्या एका माणसानं तो परत उजवीकडे नेला,
सहा वर्षांनी मान्य केलं की डावीकडेच होता.
त्या दिवशी मी इतवारीतून पाव किलो जिलबी आणली
आणि एकटीनं संपवली.

असल्या बापाच्या मुलीचं दृष्टिपटल ठिगळांचं असतं:
एका तुकड्यात आईचे शंकू, शेजारी बापाचे.
मला सगळे रंग दिसतात, पण कोणत्या ठिगळातून
हे कुठलीच सुई सांगत नाही.
ओजस चार वर्षांचा असताना
त्यानं झाडाची पानं तपकिरी रंगवली.
तपासायची मला गरज नव्हती.
तरीही तपासलं, तीन वेळा.

निवृत्तीच्या दिवशी मी पेटीतलं लुगडं काढलं.
नेसवायला कौसल्यामावशी आली, पंच्याऐंशीची,
तिनं काठावरून हात फिरवला आणि काहीच बोलली नाही.
विभागातल्या मुली म्हणाल्या, मॅडम, डिझाइन वेगळंच आहे, कुठून घेतलंत?
फोटो काढले. शाल, नारळ, भाषणं.
कुणीतरी मला रंगांची राणी म्हणालं.

पुण्याहून आलेला ओजस गाडीजवळ उभा होता.
"छान आहे गं. एकदम साधा, सरळ काठ."
मी पुन्हा विचारलं.
"सरळच तर आहे. का?"

तिसऱ्यांदा नाही विचारलं.
राहाटे कॉलनीच्या सिग्नलला
वरचा दिवा लागला, तो थांबला.
मांडीवरचा काठ मी बोटांनी चाचपत होते,
आणि आम्ही दोघं
खालचा लागायची वाट बघत होतो.