शेऱ्याचा रकाना

करारावर दोन सह्या आहेत, एक ओरोसची, एक कंपनीची,
आणि मधे मी, नोंदीमागे दोन रुपये चाळीस पैसे.
संगणक कंपनीचा, टेबल सरकारचं.
इन्व्हर्टरची बॅटरी कोणी बदलायची
यावर आषाढापासून पत्रं जाताहेत.
दुपारी वीज जाते, मी पुठ्ठ्याने वारा घेत
पुढची वही उघडून ठेवते.

अठ्ठ्याऐंशी सालापासूनच्या वह्या.
वाळवी, रॉकेलचा वास,
आणि कंपाउंडर झिलू मेस्त्रींचं अक्षर,
सुताराच्या घरातलं, रंधा मारल्यासारखं.
नाव, वय, वाडी, तक्रार, औषध.
कडेला, शिवणीत अर्धा बुडालेला: शेरा.

'नवरा ट्रॉलरवर. चिठ्ठी वाचायला मुलगी येईल.'
'गोळ्या घेते म्हणते. घेत नाही.'
'खोकला नाही. घरी जायचं नव्हतं म्हणून आली. बसू दिलं.'

पडद्यावर शेरा नाही.
पडद्यावर 'इतर' आहे, चाळीस अक्षरांचं.

प्रशिक्षणाला आलेला मुलगा, गळ्यात कंपनीची फीत,
म्हणाला, उद्या इथला माणूस काश्मीरात आजारी पडला
तरी तिथल्या डॉक्टरला त्याचं सगळं दिसेल.
मागच्या बाकावरून अनशी:
'काश्मीरात कित्याक पडात तो? हयच पडतलो.
हयसर डॉक्टर खंय आसा, ता सांग.'
आधी कोणी हसलं नाही. मग सगळेच हसले, तोसुद्धा.

अनशीचा अंगठा यंत्राला लागत नाही.
डावा, उजवा, मग उरलेली आठ बोटं.
पुन्हा प्रयत्न करा.
'खडपान खाल्ली रे बोटां,' ती यंत्रालाच सांगते,
रडणाऱ्या पोराची समजूत घालावी तशी.
चाळीस वर्षं कालवं काढलेले हात
ती पदराला पुसते, पुन्हा ठेवते.

भिकाजी जुवाटकर तीन. एकच वाडी, वयंही लागून.
यंत्र विचारतं: एकत्र करू?
झिलू मेस्त्रींनी एकापुढे लिहिलंय, होडीवाला.
दुसऱ्यापुढे, भजनी.
तिसऱ्यापुढे लाल शाई:
'इंजेक्शनने अंगभर गांधी, श्वास कोंडला.
पेनिसिलीन नको. कधीच नको.'
मी 'नाही' दाबलं, तीनदा.
मजकूर चाळीस अक्षरांत बसेना.
गांधी काढल्या, श्वास काढला,
'कधीच' ठेवलं.

मार्चअखेर करार संपला.
माझा पासवर्ड एका रात्रीत परका झाला.
नव्या निविदेत दुसरी कंपनी, दुसरा पडदा,
वह्या गोणीत, गोणी जिन्याखाली.

दिवाळीनंतर तिठ्यावर तिसऱ्या भिकाजीची सून भेटली.
वेरावळला बोटीवर वायररोपने त्याचा पाय फाटला.
तिथल्या डॉक्टरने सुई भरली होती,
मग पडद्याकडे बघितलं नि ती खाली ठेवली.
'तेका कसा कळला गो?'
मी म्हटलं, लिहिलेलं असेल कुठेतरी.
रिक्षा आली. तिच्या पिशवीत बांगडे होते,
दोन मला देऊ लागली, मी घेतले.

झिलू मेस्त्री वारून नऊ वर्षं झाली.
कुठल्याही नोंदीत त्यांचं नाव नाही.
लिहिणाऱ्याचा रकाना नव्हता, मी विचारलंही होतं.

एक वही माझ्याकडे आहे. चोरलीच म्हणा.
'बसू दिलं' त्या पानाची.
ती बाई अजून शनिवारच्या बाजारात कोकमं विकते,
भाव कमी करत नाही, माझ्याकडे बघतही नाही.
तिचं वय भरलं मी, वाडी भरली,
तक्रार: खोकला, असंच भरलं.
बाकीचं कोणालाच दिलेलं नाही.
ओरोसला नाही, कंपनीला नाही.
काश्मीरलाही नाही.