खल्लीवल्ली

मुहर्रकच्या त्या घराचं रस्त्याकडचं दार उघडत नाही,
मागच्या बोळातून यायचं, शिंप्याच्या दुकानाला वळसा घालून.
थ्रेसिअम्मानं वही पुढं केली. नाव?
मी मेलेल्या आत्याचं सांगितलं : द्वारका.
महिन्याला पंचवीस दिनार. कपडे गच्चीवर वाळवायचे नाहीत.
खिडकी? तिनं बोट दाखवलं, तिथं प्लायवूड होतं.

सहा खाटा. चादरींच्या भिंती.
चुन्याला मीठ फुटलेलं, हात लावला की भुरभुरतं.
म्हणतात, समुद्र पूर्वी या उंबऱ्याशी होता,
त्याला भर घालून मागं सारला.
तो गेलाय असं भिंतीला कुणी सांगितलेलं नाही.

पहिल्या रात्री श्वास मोजले,
खुराड्यात कोंबड्या मोजायचे तसे.
सात भरले.
माझा रोखून पुन्हा मोजले.
सहा.

सकाळी कुणी काही बोललं नाही.
गोमती चहा गाळत होती, दोघी सिंहली एकमेकींची वेणी घालत होत्या.
मालकाच्या घरून पळालेलीला इथं एकच नाव :
खल्लीवल्ली. सोड, जाऊ दे.
हाक मारावी असं ते नाव नाही.

कोपऱ्यात लोखंडी कपाट.
शुक्रवारी, बांगेच्या आधी, आत फोन वाजतो.
चार्ज कोण करतं, मी एकदाच विचारलं.
थ्रेसिअम्मा पेज ढवळत राहिली.

तिसऱ्या शुक्रवारी कुलूप नुसतंच अडकवलेलं दिसलं.
आत एक चप्पल. एकच.
खोबरेलाची बाटली, भर जूनमध्ये थिजलेली.
मी फोन उचलला.

पलीकडे बाई. भाषा कळेना.
पण खोकला कळला, मागं कुणीतरी भांडं आपटलं ते कळलं,
आणि तिचं मधेच थांबून कान देणं.
मी म्हटलं, हं.
ती रडली, नाहीतर हसली.
मग बरंच सांगत बसली, बहुतेक कुणाच्या तरी बाळंतपणाचं,
आणि मी हं, हं करत गेले.
खाटेवर परतले तर उशाशी गार जागा,
कुणीतरी सरकून दिल्यासारखी.

माझा फोन रिफाच्या बंगल्यात राहिला,
स्वयंपाकघरातला तिसरा खण, फॉइलच्या गुंडाळीमागं,
मामानं ठेवला होता तिथंच.
आईसुद्धा शुक्रवारीच लावते.
आता त्या मोरीलगतच्या खोलीत नवी कुणी आली असेल.
नसेना का मराठी येत.
बाई गं,
हं म्हण.