कोपरा

मोपाहून रात्रीचं विमान, दोहात चार तास थांबा,
पुढे आगगाडी, मग चढणीवरचं त्याचं घर.
तिकीट आगाऊ काढ, सोमवारी बंद,
कॉन्सेसांव टीचरने विजेच्या बिलामागे लिहून दिलंय.
खाली दोनदा अधोरेखित: स्वेटर.

डिचोलीच्या शाळेत, कपाटाच्या दारावर
चोवीस वर्षं त्याचं एकच चित्र.
माशाच्या तोंडातून वर निघालेला जिना
(मुलं बांगडाच म्हणतात),
पायरीपायरीवर एकेक बूट, जोडी कुणाचीच नाही,
आणि वर उजवीकडे, जिना पोचतो तिथे,
वाळवीने खाल्लेला तळहाताएवढा कोपरा.

दर जूनला पाचवीच्या वर्गाला सांगायचे, भरा.
ओदेतने पदेर काढला, सायकलीसकट.
एकाने पेल्यातली आजोबांची कवळी.
यतीश गावसने खाणीतलं हिरवं पाणी,
तळाशी वडलांचा ट्रक, दिवे चालू.
खाणी बंद पडल्या ते वर्ष.
मी दहापैकी सात दिले.
तीन कशाचे कापले, अजून आठवत नाही.

आता पेन्शनचे पैसे आलेत, व्हिसाचा शिक्काही बसलाय.
बॅगेत सोलं, गुडघ्याचं तेल, दोन चष्मे.
असं ठरवलंय:
आत गेल्यावर आधी बूट मोजायचे,
सतरा भरायला हवेत.
मग नजरेने एकेक पायरी,
घाई नाही.
आणि शेवटच्या बुटाशी आल्यावर
चष्मा काढून
पदराने पुसत राहायचं
जरा वेळ.